तिच्या प्रार्थनेचं आमेन

"ज्यानं पोराले मारलं, त्याच्याचसाठी प्रार्थना मांगते! येडी झाली काय हे बाई?" मागच्या बाकावर कुजबुज झाली.

अकोल्याच्या आमच्या चर्चमध्ये रविवारी कुणीही उभं राहून प्रार्थना मागे आणि सगळे 'आमेन' म्हणत. बाळापूरहून येणारी ती बाई पदर डोक्यावर ओढून उभी राही. तिच्या मुलाच्या खुन्याला फाशीची शिक्षा झाली होती. 'त्याचा जीव वाचव, प्रभू,' एवढंच ती मागे. आमेन येत नसे. जरा वाट पाहून ती बसे.

त्या रविवारी एकीनं आपल्या गरोदर सुनेच्या बाळासाठी प्रार्थना मागितली, मोठ्यानं आमेन झालं. मग ती उठली. पुन्हा आमेन आलं नाही. या वेळी ती बसली नाही.

"राग मलेबी हाये," ती म्हणाली. "पन पोटातल्या लेकरात जीव देवानं घातला, मंग त्या मारनाऱ्यात कोनं घातला?"

पाळकसाहेब गीताचं पान शोधू लागले. माझ्या 'आमेन'च्या कॉन्व्हेंटी, इंग्रजी उच्चाराला मुली हसत, म्हणून चर्चमध्ये मी नुसते ओठ हलवत असे. बाकाची कड धरून मी उभी राहिले.

"एमेन!" मी म्हणाले.