परत येण्याचा पुरावा

लेखन हा माझा प्रांत नव्हे, याची मला पूर्ण जाणीव आहे. उमेदीची सारी वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेली. प्रयोगाचे निष्कर्ष लिहावेत तेवढेच आणि तसेच लिहिण्याची सवय. त्यातून मी पुण्याची, आणि ज्यांच्याविषयी लिहायचे त्या इंदूअक्का पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्या. त्यांच्यावर लिहिण्याचा खरा अधिकार त्यांच्या गोतावळ्यातल्या कुणाचा तरी आहे. परंतु तसे कुणी लिहील अशी चिन्हे दिसत नाहीत, म्हणून हे धाडस करते. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात अक्कांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलो. किल्ली घ्यायला गेले, तेव्हा त्यांच्या बैठकीच्या खोलीत शेजारच्या एक बाई फोन कानाला लावून हुंदके देत होत्या. अक्का शेजारी उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे फोनच्या खटक्यावर बोट ठेवले आणि फोन बंद केला.

"रडायला पैसे पडतात की! तिकडं पोराचे डॉलर जळतायत. बाहेर कट्ट्यावर बसा आणि पोटभर रडा, फुकट आहे."

मी हादरले. नंतर पाहिले, तर त्याच बाईंसाठी अक्का स्वतः कॉफी घेऊन कट्ट्यावर जात होत्या.

अक्का टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. निवृत्त झालेल्या, पतीही हयात नव्हते. गल्लीतली मुले एकामागून एक अमेरिकेला चालली होती आणि घरोघरी अजून फोन आलेले नव्हते. त्यामुळे साऱ्यांनी मुलांना नंबर दिलेला असे तो अक्कांचा. "साऱ्या जगाला जोडून दिलं मी," त्या म्हणत, "पण बंगळूर सोडून होसूरच्या पलीकडं पाय टाकला नाही. गरज काय?"

गरज पडली ती त्यांची एकुलती एक मुलगी वसुधा न्यू जर्सीत गरोदर राहिली तेव्हा. जावयांनी तिकिटाची तयारी दाखवली. तिथे मूल सांभाळणारी बाई ठेवायची, तर एकाचा पगार तिच्यावरच जातो. सासूबाईंचे जाण्यायेण्याचे भाडे त्यापुढे काहीच नाही, हेही त्यांनी फोनवर सरळपणे सांगितले. अक्का हसल्या. "हिशेब बरोबर आहे त्यांचा. मी स्वस्त पडते." मग मला म्हणाल्या, "तरी जाणार हं मालतीबाई. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे. तिला शेक कोण देणार, तो डॉक्टर?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी डिंक आणि अळीव निवडायला घेतले.

अडचण व्हिसाची होती. विधवा बाई, निवृत्त, आणि एकुलते अपत्य तिकडे; अशी बाई परत येईल यावर मद्रासच्या वकिलातीत कुणी विश्वास ठेवत नाही, असे समोर राहणाऱ्या मूर्तींचे म्हणणे. दोन मुलगे अमेरिकेत असल्यामुळे मूर्ती हे आमच्या गल्लीचे व्हिसातज्ज्ञ होते. त्यांनी उपायही काढला. आपल्या बँकेतल्या ठेवींवर ते काही दिवसांपुरते अक्कांचे नाव घालून देणार होते. त्या पावत्या दाखवायच्या आणि म्हणायचे, एवढी माया सोडून मी कशी राहीन?

"म्हणजे तुमचे पैसे माझे म्हणून सांगायचे?"

"स्वल्प दिवस, अक्का. सगळेच करतात."

"माझ्या आजोबांचे आजोबा, त्यांचेही आजोबा इथं मेले. तीनशे वर्षं झाली मराठी फौजेबरोबर येऊन. हे गाव सोडून मी कुठं जाणार, हे मी वकिलातीतल्या त्या कालच्या पोराला पटवायचं?"

मूर्ती मिस्कीलपणे म्हणाले, "तेच तर! तुमची माणसं एका मोहिमेसाठी आली आणि अजून परत गेली नाहीत. तो गोरा तुम्हाला बरोबर ओळखतो!"

अक्कांना एवढे हसताना मी प्रथमच पाहिले. पण पावत्या त्यांनी घेतल्या नाहीत.

सोबतीला मी मद्रासला गेले. वकिलातीबाहेरच्या रस्त्यावर उन्हात रांग होती. कुणी देवाचे नाव घेत होते, कुणी उत्तरे पाठ करत होते. अक्का आत गेल्या त्या ताठ मानेने, आणि बाहेर आल्या त्याही तशाच.

"नाही म्हणाला," त्यांनीच सांगितले. "विचारतो, परत येण्यासारखं तुमचं इथं काय आहे? म्हटलं, घर आहे, गल्ली आहे. म्हणतो, गल्लीत तुमचं कोण? म्हटलं, सगळेच. तर म्हणे, कागद? म्हटलं, शेजाऱ्यांचे कागद करत नाहीत आमच्यात."

परतीच्या गाडीत त्यांनी दहीभाताचा डबा उघडला, मला वाढले, स्वतःही खाल्ले. जोलारपेट स्टेशन गेल्यावर एकदम म्हणाल्या, "वसूला काय सांगू हो?" त्यांचा तसा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता आणि पुढेही ऐकला नाही.

फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. वसुधा इतकी चिडली होती की तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. "चार कागद दाखवले असते तर काय बिघडलं असतं, आई? सगळे दाखवतात!"

"सगळे दाखवतात, म्हणून तर खरं सांगणारीवर त्याचा विश्वास बसला नाही. तू ये इकडं. पहिलं बाळंतपण माहेरी होतं."

"इथं झालं तर बाळाला इथला पासपोर्ट मिळतो. त्याची किंमत कळते का तुला?"

"कळते. मोठी आहे. मी खोटं बोलून ती द्यायची नाही."

त्या दिवशी फोन पलीकडून ठेवला गेला.

पुढचे कित्येक दिवस फोन वाजला की अक्का आधी लगबगीने उठत, आणि शेजाऱ्यांचा निघाला की मोठ्याने हाक मारत. डिंकाचा डबा त्यांनी फळीवरून हलवला नाही. मूर्तींनी पुन्हा अर्ज करण्याचे सुचवले. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. पण पावत्या माझ्याच दाखवीन. आहेत तेवढ्या."

अर्जाची वेळ आली नाही. सातव्या महिन्यात वसुधा आली. नवऱ्याशी भांडून, सुजलेल्या पायांनी. पहिला आठवडाभर ती आईशी कामापुरतेच बोलली. अक्कांनी डिंकाचा डबा फळीवरून खाली काढला. मल्लेश्वरमच्याच एका दवाखान्यात मुलगी झाली, आणि मग तेल, शेक, धुरी, अळिवाची खीर यांत अक्कांना दिवसरात्र पुरेना.

बाळ काही महिन्यांचे झाल्यावर वसुधा तिला घेऊन मद्रासला गेली. मिटल्या डोळ्यांचा फोटो असलेल्या त्या कोऱ्या भारतीय पासपोर्टवर व्हिसा विनासायास उमटला. अक्का नातीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "हिला नाही हो विचारलं कुणी, परत येशील का म्हणून!" आम्ही हसलो. वसुधा हसली नाही.

विमानतळावर निरोप घेताना तिने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तू तुझंच खरं केलंस, आई. पण काय गमावलं ते ही मोठी झाल्यावर मोजेल."

"मोजू दे की," अक्का म्हणाल्या. "मोजता येईल इतकं शिकव तिला. आणि आजी खोटं बोलली नाही, तेही बेरजेत धर म्हणावं."

वसुधा वळली आणि आत गेली. काचेपलीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत अक्का हात न हलवता ताठ उभ्या राहिल्या. मग मी त्यांना कोपराला धरून रिक्षेकडे नेले.

त्या दोघींपैकी कुणाचे खरे, हे इतकी वर्षे मला ठरवता आलेले नाही. माझी स्वतःची मुलगी आज परदेशात आहे. म्हणून विचारते: अक्कांच्या जागी तुम्ही असता, तर मूर्तींच्या त्या पावत्या दाखवल्या असत्या का?