टोकाची खुर्ची

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तात्यापारा चौकात स्कूटरचं पंक्चर काढून घेत उभा होतो. फोन त्यांच्या मुलीचा, ऋचाचा होता. "अंकल, मम्मी नहीं रहीं... सुबह, नींद में." एवढं बोलून ती थांबली. मी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मी विचारलं, "कितने बजे?" वेळ कळून काय होणार होतं? पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याचं काम होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. त्याला आता पाच आठवडे झाले. लिहावं की नाही याचा इतके दिवस विचार केला, कारण लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागणार होती.

रायपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही एकवीस वर्षं एकाच विभागात शिकवलं. मी वर्ध्याहून आलेला. त्या इथल्याच, जुन्या मराठी घरातल्या, माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. पहिल्या दिवशी मी सगळ्यांशी अडखळत हिंदीत बोलत होतो, तर शेजारून आवाज आला, "मराठी येते न तुले? मंग काहून एवढा घाम गाळून राहिला?" तेव्हापासून त्या ताई आणि मी विलास.

त्यांनी डॉक्टरेट केली तो विषय त्या काळी आमच्यापैकी कोणालाच कळत नव्हता. अनेक स्वतंत्र संगणक आहेत, म्हणजे त्यांच्या भाषेत 'एजंट'. प्रत्येकाला फक्त आपली अडचण माहीत, बोलायचं फक्त शेजाऱ्याशी, वर कोणी साहेब नाही. आणि तरी सगळ्यांनी मिळून कमीत कमी त्रासाची वाटणी शोधायची. चौकातल्या सिग्नलनी पुढच्या-मागच्या चौकाशी बोलून हिरव्या दिव्याची वेळ ठरवावी, असं उदाहरण त्या मुलांना द्यायच्या. हा 'एजंट' शब्द त्यांच्या तोंडी इतक्यांदा यायचा की चौबे कॉलनीतल्या शेजारणींना बरेच दिवस वाटत होतं, मॅडम विम्याचं काम करतात. मीही कमी चिडवलं नाही. "ताई, ज्या घरात कोणी कोणाला काही सांगत नाही, त्या घराचं हे गणित आहे," असं म्हणायचो. त्या हसून म्हणायच्या, "हव, म्हणूनच कामाचं आहे."

ते किती कामाचं आहे हे आम्हाला परीक्षेच्या ड्यूट्यांनी शिकवलं. तेव्हा तक्ता विभागप्रमुख लावायचे आणि ज्याला एखादा दिवस नको असेल त्यानं त्यांच्या खोलीत जाऊन कारण सांगायचं. एकदा नव्यानं लागलेली एक मॅडम रजा मागायला गेली. साहेबांसमोर दोन क्लार्क बसलेले. "रीज़न क्या है?" साहेबांनी तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा तिनं सांगून टाकलं की पोटातलं मूल गेलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडाकडे आमच्यापैकी कोणाला बघवेना. सुनंदाताई त्या दिवशी डबासुद्धा न उघडता बसून राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी साहेबांना काय सांगितलं कोण जाणे, पण तक्ता लावायचं काम आपल्याकडे घेतलं.

त्यांची पद्धत साधी होती. स्टाफरूमच्या लांब टेबलाभोवती आम्ही आठ जण बसायचो. प्रत्येक ड्यूटीपुढे आपल्याला किती अडचण आहे तो आकडा शून्य ते दहामध्ये लिहायचा. कारण लिहायचं नाही, कोणी विचारायचंही नाही. चिठ्ठी एका टोकापासून निघायची. प्रत्येक जण शक्य त्या वाटण्यांपुढच्या आलेल्या आकड्यांत आपले मिळवून बेरीज पुढच्याला द्यायचा, म्हणजे आत कोणाचं किती ते कळायचं नाही. दुसऱ्या टोकाला सगळ्यात कमी बेरजेची वाटणी ठरायची आणि तशीच हातोहात परत यायची. अर्ध्या तासात भांडणाशिवाय तक्ता तयार. यात एकच गोम होती. पहिल्या टोकाला बसणाऱ्याच्या आकड्यात मिसळायला कोणाचाच आकडा नसतो. तो शेजाऱ्याला उघडाच दिसतो. ती खुर्ची ताईंनी स्वतःकडे घेतली. "कोणाला तरी बसाच लागते तिथं," त्या म्हणाल्या, "शेजारी तू बस. भरवशाचा माणूस पाहिजे."

पंधरा वर्षं मी तिथे बसलो. त्यांच्या चिठ्ठीवर शून्य, एक, फार तर दोन. शनिवार संध्याकाळची ड्यूटी घ्या, शून्य. दिवाळीच्या आदल्या दिवशीची, एक. मला त्याची सवयच झाली होती.

आणि एका वर्षी चिठ्ठी आली तर मंगळवार सकाळपुढे सात. मी दोनदा पाहिलं. ती ड्यूटी त्यांच्याकडे किंवा माझ्याकडे जाणार हे उघड होतं. बाकीच्या सगळ्यांना त्या वेळी प्रॅक्टिकल होते. माझ्याकडे मंगळवारी सकाळी नवा सोफा येणार होता. मी पाच लिहिणार होतो. पाचसुद्धा जास्तच होतं... मी नऊ लिहिले. ताई सांभाळून घेतील, नेहमी घेतातच, असं मनात म्हणालो आणि कारण विचारायचं नाही या नियमाच्या आड लपलो. वाटणी बरोबर झाली. गणितानं माझ्या नऊवर विश्वास ठेवला आणि मंगळवारी ताई हॉलवर उभ्या राहिल्या. सोफा बुधवारी आला.

दोन महिन्यांनी कळलं की नागपूरचे हृदयाचे एक डॉक्टर महिन्यातून एकाच मंगळवारी सकाळी रायपुरात येत आणि ताईंची वेळ त्या दिवशीची होती. त्या पुढच्या महिन्यात दाखवायला गेल्या. उपचार झाले, त्यानंतर त्या तीन वर्षं जगल्या. एका महिन्यानं काही बिघडलं नाही असं सगळे म्हणतात, डॉक्टरही म्हणाले. मला ते खरं वाटत नाही. रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी त्या सोफ्यावर बसलो की वाटत नाही.

शेवटचा भेटलो तो त्यांच्या घरी. ऋचा चहा ठेवून आत गेली. ताई खिडकीशी बसल्या होत्या, पायांवर शाल. मी कितीतरी दिवस जुळवून ठेवलेलं वाक्य काढलं. "ताई, त्या मंगळवारी मले..."

"कारण सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "नियम आहे न आपला."

मी चहाचा कप उचलला. मग त्याच बोलल्या, "तुया पेन थांबला होता. मी पाहून राहिली होती."

"मंग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तर पुढच्या बारीपासून कोणीच खरं लिहिलं नसतं. म्हणाले असते, मॅडमच चिठ्ठी उघडते. त्या पोरीले तिचं दुखणं पुन्हा साहेबाच्या खोलीत जाऊन सांगा लागलं असतं." त्यांना धाप लागली. जरा थांबून म्हणाल्या, "गणिताले कोण खोटं लिहिते ते समजत नाही, विलास. ते सगळ्यायचं खरंच धरून चालते... पुढच्या बारीले खरं लिहिजो."

त्यांनी मला माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

गेल्या सोमवारी पुन्हा परीक्षेचा तक्ता लागला. ताई निवृत्त झाल्यापासून ती टोकाची खुर्ची भिंतीला लावलेली होती आणि चिठ्ठी माझ्यापासूनच निघत असली तरी मी माझ्या जुन्या जागी बसून ती हातानं झाकून पुढे सरकवायचो. त्या दिवशी मी खुर्ची ओढून टेबलाच्या टोकाला घेतली आणि तिच्यावर बसलो. शेजारी तीच, कधीकाळी साहेबांकडे रजा मागायला गेलेली मॅडम आली. आता तिच्या केसांत पांढरे दिसतात. गुरुवारी मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं आहे. मी गुरुवारपुढे चार लिहिले आणि चिठ्ठी उघडीच तिच्या हातात दिली. अडचण चारचीच होती.