प्रणालीची वार

सून प्रणालीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मैनाबाई अकोल्याजवळच्या आपल्या गावाहून अमरावतीला, तिच्या माहेरी आल्या, त्या मडके घेऊनच. बाळाची वार त्यातून घरी नेऊन अंगणात पुरायची होती. वार जिथे पुरली त्या जागेची ओढ लेकराला जन्मभर राहते, असे त्यांच्याकडे मानत. मुलगा शिवम पुण्यात नोकरीला होता. तो दिवाळीपुरता येई. मैनाबाई निघताना त्यांचे यजमान किसनराव म्हणाले होते, "त्याचीबी पुरली होती ना तुनं? मंग तो काहून येऊन नाही राहिला?" नातवंडाने तरी यावे, एवढीच मैनाबाईंची आस होती.

परंतु तीच वार चारुताताईंना हवी होती. ताई अमरावतीच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात संशोधन करीत. अंगठ्याएवढ्या पारदर्शक तुकड्यात त्या केसाहून बारीक पाट कोरीत. एका पाटात वारेच्या पेशी वाढवीत, शेजारच्या पाटात हृदयाच्या. काही बायकांचे हृदय बाळंतपणात का थकते, त्यात वारेचा काही हात असतो का, याचा शोध त्यांना घ्यायचा होता. प्रणालीची संमती होती. मात्र सासूबाईंचे मन मोडून वार देणार नाही, असे तिने सांगितले होते.

मैनाबाईंची लेक चंदा बाळंतपणानंतरच गेली होती. तिचे पाय सुजले, उताणे निजले की दम लागे. घरचे सारे अशक्तपणा समजून तिला डिंकाचे लाडू चारीत राहिले. हृदय वाढल्याचे दवाखान्यात कळले, तेव्हा उशीर झाला होता. ते का वाढले, हे कोणीच सांगू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेत जाऊन चारुताताईंकडे तो तुकडा पाहायला मागितला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा एक पुंजका आकसत होता, सैल होत होता.

"हे कोणाचं काळीज हाय?"

"कुणाचंच नाही, आजी. इथंच वाढवलेल्या पेशी आहेत."

"अन् वार देल्ली, तं माया चंदाचं काहून तसं झालं, हे समजन?"

"चंदाताईंचं नाही समजणार. पुढच्या कुणाचं तरी, कदाचित. त्यालाही वर्षं लागतील."

मैनाबाईंनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"घेऊन जाय माय," त्या म्हणाल्या.

मुलगी झाली. बर्फाच्या पेटीतून वार प्रयोगशाळेकडे गेली, मडके रिकामेच राहिले. मैनाबाईंनी नातीला मांडीवर घेतले, तिच्या कानाशी तोंड नेले आणि तिला घरची वाट सांगू लागल्या. "पुण्याची गाडी अकोल्याले थांबते. तिथं उतरजो. मोर्णा नदीचा पूल ओलांडला का जुनं शहर लागते, तिथून आपल्या गावचा ऑटो भेटते."

नात झोपली होती. तरी त्यांनी सारे पुन्हा पहिल्यापासून सांगितले.