शुभेच्छुकांच्या ओळीत कावरखे सर

कावरखे सर स्टाफरूममध्ये अर्धा चहा खिडकीकडच्या गटात पीत, उरलेला अर्धा दाराकडच्या. विनोदावर लगेच हसत नसत. आधी कोण हसलं ते बघून घेत. कुणी नुसतं 'साहेब' म्हटलं की "कोणते?" असं विचारत. लग्नात फेटा बांधून घेत नसत, कारण फेट्याला रंग असतो. आणि रस्त्यात बॅनर दिसला की मोटारसायकल उभी करून त्याचा फोटो काढत. वरच्या पुढाऱ्याचा नव्हे. खालच्या शुभेच्छुकांचा.

हा त्यांचा अभ्यास होता. नोकरीतले संबंध आणि राजकारण एकमेकांना कसे वळवतात, हा विषय. सरांचं म्हणणं सोपं होतं. माणसाची कॉलेजातली जागा हजेरीपटावर कळत नाही, बॅनरवर कळते. शुभेच्छुकांच्या ओळीत जो वर सरकला, त्याला सोयीचे तास. जो ओळीतून गळाला, त्याची परीक्षेची ड्युटी थेट दुसऱ्या तालुक्यात. पुढच्या सत्राचं वेळापत्रक ते प्राचार्यांच्या आधी सांगत, आणि ते सहसा चुकत नसे.

स्वतः सर मात्र एकाही बॅनरवर नव्हते. अख्ख्या जवळा बाजार गावात असा नोकरदार दुसरा नसेल. शोधनिबंधाच्या पहिल्याच पानावर त्यांनी वाक्य टाकलं होतं : 'संशोधक कोणत्याही गटात नाही.' तो निबंध शनिवारी विद्यापीठात वाचायचा होता.

त्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, आरोही धावत स्टाफरूममध्ये आली. ती सरांची जुनी विद्यार्थिनी; आता त्याच कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवायची. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची निवडणूक लागली होती, अध्यक्ष विरुद्ध सचिव. चौकात दोघांचे बॅनर समोरासमोर लागले होते.

"सर, तुमी बॅनरवर आहात."

"कोणाच्या?"

"दोघांच्या."

सरांनी कप खाली ठेवला. "फोटो कुठून आणला त्यांनी?"

"ओळखपत्रावरचा हाय. सचिवांनी तुमाला जोडलेले हात बसवलेत. अध्यक्षांनी टाय लावलाय."

सर उठले. ऑफिसातली कात्री घेतली. शिपाई भावसिंगनं शिडी खांद्यावर टाकली. चौकात शिडी उभी राहताच मेथीच्या जुड्या सोडून माणसं गोळा झाली.

"सर, आधी कोणाचा कापायचा?" भावसिंगनं विचारलं.

सर पहिल्याच पायरीवर थबकले. इतक्या वर्षांच्या अभ्यासात हा प्रश्न कधी आला नव्हता.

"जवळचा," ते म्हणाले.

जवळचा निघाला सचिवांचा. सरांनी स्वतःला कडेकडेनं कापून काढलं. शेजारच्या शुभेच्छुकाच्या कानालाही धक्का लावला नाही. खालून शिट्टी वाजली.

"आरं, सर अध्यक्षाकडं गेले!"

"घुम्या माणसाचं काई सांगता येत न्हाई, भौ."

"कोणाकडं न्हाई गेलो!" सर वरून ओरडले. "दुसरा बी कापणार हाय!"

"कापा, कापा. समजतंय आमाला!"

शिडी रस्ता ओलांडून अध्यक्षांच्या बॅनरखाली आली. आरोहीनं ती खालून धरली. सर वर चढले, कात्री उघडली, आणि खिशातला फोन वाजला. त्यांनी तो उचलला. खुद्द अध्यक्षांचा आवाज, आरोहीला खालपर्यंत ऐकू येईल एवढा.

"सर, भर बाजारात कात्री चालवली तुमी! हिंमत लागती. प्राचार्य या महिन्यात निवृत्त होऊन राहिले. त्या खुर्चीसाठी आमी माणूसच हुडकत होतो."

"साहेब, पण मी तटस्थ आहे."

"व्हय, तटस्थच पाहिजे! आपला तटस्थ."

फोन बंद झाला. सर स्वतःच्या चेहऱ्यासमोर उभे होते. टाय गडद लाल होता. वाईट दिसत नव्हता.

"सर, कापताय ना?" आरोहीनं विचारलं.

सरांनी बॅनरची सुटलेली दोरी तेवढी ओढून घट्ट केली.

"ऊन लई झालं," ते म्हणाले. "शनिवार होऊ दे, मग बघू."

ते उतरले आणि गर्दीतून वाट काढत निघाले. चालताना कुणीतरी त्यांना नमस्कार केला, त्यांनीही केला. आरोही शिडी धरून तशीच उभी राहिली. कात्री वरच, बॅनरच्या बांबूच्या खाचेत, उघडी अडकलेली होती.