वरची ओळ

"एकही फळ ठेवायचं नाही?" ग्रेसताईंनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हणालो.

एप्रिल संपत आला होता. गुरुग्रामजवळच्या सोहना गावाच्या पुढे, अरवलीच्या पायथ्याशी ग्रेस साळवे यांची छोटी जमीन आहे. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तिथे मोसंबीची चाळीसेक झाडं लावली. चार वर्षांनी पहिल्यांदा झाडांवर बहार टिकला होता. सुपारीएवढी हिरवी फळं जागोजागी दिसत होती आणि मी ती सगळी तोडायला सांगत होतो.

मी फळबाग सल्लागार आहे. मूळचा सासवडचा, आता गुरुग्रामला. पाणी किती आहे आणि त्यात काय जगेल, हे लोकांना सांगणं हे माझं काम. बऱ्याचदा उत्तर "नको" असंच असतं. म्हणून माझे बॉस मल्होत्रा सर माझ्यावर फारसे खूश नसतात.

त्या वर्षी ताईंचा बोअर आटत चालला होता. हिवाळ्यात मोटर सकाळभर चालायची. आता थोडा वेळ चालली की हवा ओढायला लागायची. मग ती बंद करायची आणि बोअरमध्ये पाणी पुन्हा साठायची वाट बघायची. मे-जूनची लू, उत्तरेकडचा तो भाजणारा वारा, अजून पुढेच होती.

फळ धरलेलं झाड पाणी जास्त मागतं आणि आपली ताकद फळात घालतं. कोवळ्या झाडाला फळं आणि लू दोन्ही झेपत नाहीत. अशा वेळी फळं काढायची. थोडी छाटणी करून पानं कमी करायची, म्हणजे पाणी कमी उडतं. बुंध्याभोवतीच्या आळ्यात भुशाचा जाड थर घालायचा, म्हणजे ओल टिकते. एवढं केलं की झाड थोड्या पाण्यावर पावसाळ्यापर्यंत तग धरतं.

ताईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आईला काय सांगू?"

त्यांच्या आई, मार्थाबाई, नव्वदीच्या जवळ आलेल्या. जालन्याकडच्या. तिथे त्यांची मोसंबीची बाग होती. दोन-तीन उन्हाळे लागोपाठ वाईट गेले, विहिरीने तळ गाठला आणि बाग उभी वाळली. नंतर जमीनही विकली गेली. नवरा गेल्यावर त्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये लेकीकडे आल्या. ताईंनी दुसरं काही न लावता मोसंबीच का लावली, ते मला त्या दिवशी कळलं.

"ती रोज विचारते, फळं केवढी झाली? तिचं हार्ट वीक आहे, नितीन. पुढच्या वर्षी ती असेल का, हे मला कोणी डॉक्टर सांगत नाही."

मी ऑफिसला आलो. मल्होत्रा सर म्हणाले, "टँकर मंगवा दो ना यार. प्रॉब्लेम क्या है?"

"सर, टँकर का पानी टेस्ट किया. खारा है."

खारं पाणी मोसंबीला चालत नाही. आधी पानांच्या कडा करपतात, मग मुळं जातात.

"तो नया बोअर?"

"परमिशन नहीं मिलेगी. मिल भी गई, तो नीचे पानी कहाँ है?"

सरांनी खुर्ची मागे ढकलली. "क्लायंट को फल चाहिए. तुम पेड़ बचा रहे हो. काम किसका कर रहे हो, भाई?"



पुढच्या रविवारी ताई आईला घेऊन प्लॉटवर आल्या. मार्थाबाईंना कडुलिंबाखाली खुर्ची दिली. मी शेजारी बसून सगळं नीट समजावलं. मला वाटलं, जिने आपली बाग वाळताना पाहिली ती बाई म्हणेल, फळांचं काय एवढं, झाडं जगवा. मी मनातल्या मनात ते वाक्य ऐकलंही होतं.

त्या म्हणाल्या, "मला खायचीय, लेकरा. झाडांचं तुम्ही बघा."

"आई!" ताई म्हणाल्या.

"आई काय? तो विचारतोय, मी सांगतेय."

इतकं सरळ मला आजवर कुठल्या क्लायंटने मागितलं नव्हतं. मी उठलो आणि बागेत दोन चकरा मारल्या. कडुलिंबाजवळची दोन झाडं चांगली भरली होती, जमीनही खोल होती. त्यांच्यावर मोजकी फळं ठेवता आली असती. पण त्यांना लागणारं जादा पाणी कुठूनतरी काढावं लागणार होतं. वर, चढाला, एक ओळ होती. जमीन मुरमाड, झाडं खुरटलेली. आठ झाडं.

मी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं. त्या बराच वेळ त्या ओळीकडे बघत उभ्या राहिल्या. खड्डे खणताना त्यांनी तिथेच सगळ्यात जास्त दगड वेचले होते.

"वरची ओळ सोडा," त्या म्हणाल्या.

वरच्या ओळीचे ठिबकचे ड्रिपर मी स्वतः काढले आणि नळीला बूच मारलं. मग त्या दोन झाडांवर मोजकी फळं ठेवून बाकीची सगळी तोडायला घेतली. संध्याकाळपर्यंत टोपल्या भरल्या. हाताला सालीचा तो हिरवा, झोंबरा वास बसला होता. गाडीत बसलो तरी जाईना. बाबांना फोन लावला. सासवडला आमची अंजिराची थोडी झाडं आहेत. बाबा अजून तीच बघतात.

"कसली बाग आज?"

"मोसंबी."

"अंजीर लाव की कधीतरी."

"कुठे लावू बाबा? मी तिसऱ्या मजल्यावर राहतो."

ते हसले. पलीकडून बागेतले पक्षी ऐकू येत होते. ते मोटर बंद करायला गेले, तेव्हा मी फोन ठेवला.

जूनमध्ये वरच्या ओळीची पानं वळली आणि मग गळून गेली. ताई त्या बाजूला फिरकत नसत. पाऊस उशिरा आला आणि आल्यावरही बेताचाच पडला. त्या आठ झाडांतलं एकही फुटलं नाही. बाकीची सगळी जगली.

राखलेल्या फळांपैकी निम्मी गळाली. नोव्हेंबरात उरलेली पिकली. लहान, जाड सालीची. ताईंनी मला द्वारकेला बोलावलं. मार्थाबाईंनी स्वतः साल काढली, फोडीला मीठ लावलं आणि खाल्ली.

"आंबट आहे," त्या म्हणाल्या. "आमच्यासारखी नाही."

ताईंचा चेहरा पडला. मी पाण्याचा ताण, जमीन, पहिला बहार असं काहीतरी बोलायला लागलो. मार्थाबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी दुसऱ्या मोसंबीसाठी हात पुढे केला. ती पूर्ण खाल्ली. बिया तळहातावर जमवल्या. मग मला विचारलं, "तुमच्याकडं काय होतं?"

"अंजीर."

"गोड?"

"खूप."

"मग इकडं कशाला आलास?"

मी म्हणालो, नोकरी. त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांनी आधीही कोणाकडून तरी ऐकलं होतं.

यंदा झाडं पुन्हा फुलली आहेत. मार्थाबाई आहेत, ऐकायला कमी येतं. वरच्या ओळीत आता आम्ही बोरीची झाडं लावलीत. ती खडकातही येतात.

उन्हाळ्यात पाणी किती राहतं ते बघूनच झाडं लावावीत. आठ झाडं मारण्यापेक्षा आठ कमी लावणं कधीही स्वस्त. हे मी आता पहिल्या भेटीतच सांगतो. फळ कोणाला खायचंय, हेही विचारतो. मल्होत्रा सर म्हणतात, त्याने मीटिंग लांबते.