दंडांसाठी घेतलेली इंजेक्शनं

मुरुम गावात बुद्धघोष बनसोडेची छोटी व्यायामशाळा आहे. पंचेचाळिशीत दंड सैल पडू लागले, तेव्हा त्यानं ऑनलाइन पेप्टाइडची इंजेक्शनं मागवली. या औषधानं शरीर स्वतःचंच ग्रोथ हार्मोन जास्त सोडतं आणि स्नायू भरतात, असं त्यानं ऐकलं होतं. दोन महिन्यांत हात सुजले, बोटं बधिर झाली. शर्टाची बटणंही बायकोला, वृषालीला, लावून द्यावी लागली.

"मला तुमचे दंड न्हाय, तुम्ही धडधाकट पाहिजे," म्हणत तिनं त्याला डॉक्टरकडे नेलं. रक्तातली साखर वाढलेली निघाली. हे सगळं इंजेक्शनांमुळंच, असं सांगून डॉक्टरांनी ती बंद केली आणि हळूहळू बोटांत जीव आला.

आता त्या औषधाचं कुणी विचारलं की बुद्धघोष न लाजता स्वतःचीच हकीकत सांगतो. परवा ती ऐकून गावातल्या शाळेतले एक मास्तर म्हणाले, "मग तुमच्या दंडांचं काय?"

"हायेत तेवढे लई झाले," तो हसला आणि जोर काढायला वाकला.