ज्याला चावलं, त्याचा नियम

चावण्याचे किस्से किती साठावेत एका माणसाकडे! माझ्याकडे पोतंभर झालेत, आणि त्यातला एकही मी मागून घेतलेला नाही.

मालेगावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही चौघं आत फासे टाकतो. प्रत्येकाचा कागदावर एक वीर, गोष्ट मी सांगायची, लढाईचं फाशांनी ठरवायचं. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात जनावराच्या चाव्याचा नियम एका ओळीचा आहे: चावलं, ताकद कमी, पुढे चला. "लिवनाऱ्याले कधी कुत्रं तरी चावलं काय?" भर उन्हातही फुल बाह्यांचा शर्ट घालणाऱ्या शिरपूरच्या गजाननने विचारलं. तेव्हापासून आमचा कायदा झाला: ज्याला जे खरंच चावलं, त्या चाव्याचा नियम त्याचा! मी हो म्हटलं. थकलो होतो.

* * *

गजाननला शेलूबाजारला कुत्रं चावलेलं. पोटरी दाखवून त्याने नियम सांगितला: वीराने गावी जाऊन सुया पूर्ण घ्यायच्या, मगच पुढची लढाई. राक्षस राजधानीच्या वेशीवर, आणि आमचे वीर दवाखान्याच्या रांगेत! राजधानी पडली.

"राज्य गेलं तं गेलं," गजानन म्हणाला, "सुई चुकवाची नाही गा!"

* * *

वंदनावहिनींना माकड चावलेलं. त्यांचा नियम: खाणं फेकलं की चावा रद्द. मी महिनाभर खपून वानरांचा सेनापती तयार केला होता. मुकुट, गदा, भाषण, सगळं. वहिनींनी मूठभर शेंगा फेकल्या.

"झालं भाऊजी. गेला तो."

भाषण अजून माझ्या खिशात आहे.

* * *

वहिनींचा नवरा रवी, गजाननचा शाळेपासूनचा दोस्त, जीप चालवतो. त्याला जन्मात काही चावलेलं नाही, म्हणून त्याच्या हाती एकही नियम नाही. "डेंगू झालता मले!" म्हणून त्याने डास पुढे केला. नामंजूर! मग तो शेजारच्या गाढवापुढे हात धरून उभा राहिला. गाढवाने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"काहून चावत नाही मले कोनी?" तो रडवेला झाला. मला खरंच वाईट वाटलं.

त्याचा वीर खंडू पहिल्या दिवसापासून जिवंत. मेलेल्याचा कागद आम्ही फाडतो. "खंडू गेला तं मीबी येत नाही," असं त्याने सांगूनच ठेवलेलं. तिघांत खेळ चालत नाही. मी कितीही वैतागलो तरी रविवार गेला तर माझ्याजवळ राहतं काय?

* * *

मागच्या रविवारी लांडग्यांच्या राजाने खंडूला पाडलं. हात जाळ्यात अडकलेले, तलवार लांब. आता गेलाच तो.

"मी चावतो त्याले," रवी म्हणाला.

मी पुस्तक बघितलं. माणसाचा चावा लांडगा सहज झटकून टाकतो. "इथं कोनाले मानूस चावला हाये काय?" मी विचारलं.

वहिनींनी नाही अशी मान हलवली. रवीने कागद फाडायला उचलला.

तेव्हा गजाननने डावी बाही वर केली. दंडावर दातांची जुनी गोल खूण होती.

"चौथीत. कबड्डीत," तो रवीकडे न बघता म्हणाला. "लिव गा नियम. मास्तरानं वढलं, हेडमास्तरानं वढलं, बकेटभर पानी टाकलं... हा सोडत नाही!"